न प्यालेल्या दारूचं दुखणं

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "बाबा, तुमच्यावर काय गुदरलं ते लिहून आणा, तुमच्यासारखा दुसरा आला तर मी त्याला देईन." म्हणून लिहितोय. कुणाची कीव नको. ज्याला हे दुखणं लागलं असेल त्यानं वाचावं आणि घरी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवावं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

मी गुळव्या. कोल्हारच्या आजूबाजूला प्रवरेच्या काठानं जी गुऱ्हाळं लागत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तीस वर्षं मी रस उकळायच्या काहिलीपुढं उभा राहिलो. रस कधी उतरवायचा ते गुळव्यानं सांगायचं. उकळता पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, जिभेवर ठेवायची. गुळव्या चुकला की अख्खी काहील वाया. दिवसातून किती गोळ्या माझ्या पोटात गेल्या याची मोजदाद नाही. शिवाय जेवायला काकवी आणि भाकर.

दारूचा थेंब मात्र नाही. गळ्यात तुळशीची माळ, बाप गेला त्या साली घातलेली. गुऱ्हाळावरचं खराब पाणी, रसावरची मळी असलं मागायला दारूच्या भट्टीवाले यायचे. मी त्यांना चिपाडानं मारून हाकलायचो. दोघांशी त्यापायी कायमचं वैर झालं.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते सगळं यावरून झालं.

बोटं

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी उठलो की मूठ वळायची नाही. सांधे सुजायचे, लाल व्हायचे. सगळे म्हणाले वात आहे. निर्गुडीचा पाला बांधला, तेल चोळलं, डाग पण दिला. दोन वर्षं असंच चाललं. मग गोळी वळता येईना. गुळव्याला गोळी वळता येईना म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. मी डाव्या हातानं वळायला शिकलो, तर डावा पण सुजला. मला तेव्हा कळलं नाही की माझंच अंग माझ्यावर उलटलंय. बोटं ही पहिली पायरी होती.

मग दुष्काळ पडला. नदीत वाळू उरली. ऊस नाही म्हणून गुऱ्हाळं नाहीत. आम्ही रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊ लागलो. त्या दिवाळीनंतर एका सकाळी आमची मंडळी चुलीपुढून उठून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"अवं, डोळं हळदीवानी झाल्यात तुमचं."

"चुलीचा उजेड पडला असंल."

"उजेडात या बरं भाईर."

बाहेर गेलो. तिनं माझी पापणी खाली ओढून बघितली. लघवी काकवीसारखी होत होती, ते मी तिला सांगितलं नव्हतं.

तिचं नाव सरू. ती असेपर्यंत मी कधी नाव घेऊन हाक मारली नाही, काशीची आई म्हणायचो. आता लिहायला हरकत नाही.

पडदा

शहरातल्या एका डॉक्टराकडं गेलो. नाव लिहीत नाही, तो आपल्या परीनं खरंच बोलला असेल. आमच्याकडं रीत अशी, की मालक डॉक्टरपुढं जातो आणि बाई बाहेर बाकावर गठुडं घेऊन बसते. सरू तशी बसली. मधे दार नव्हतं, पडदा होता.

डॉक्टरनं बरगडीखाली हात खुपसला. "लिव्हर सुटलंय. चरबी चढलीय लिव्हरवर. किती पितोस?"

मी म्हणालो, "न्हाई पीत सायेब."

"सगळे हेच म्हणतात."

मी माळ दाखवली.

"माळ नको दाखवू. माळवाले माझ्याकडं रोज येतात." त्याचा आवाज मोठा होता. "दुष्काळात लोकांची हाडं दिसायला लागली आणि तुझ्या लिव्हरवर चरबी. ती काय भाकरीनं आली? दारू सोड, नाहीतर वर्ष काढणार नाहीस."

पडद्याबाहेर सगळं ऐकू गेलं. एस्टीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"पिताय."

"तुला कळलं नसतं व्हय? चाळीस वर्सं कापडं धुतलीस माझी."

"मळीचा वास आनि दारूचा वास, दोन्ही आंबूसच की. मला काय कळनार."

मी तिच्यापुढं माळेला हात लावून शपथ घेतली. ती उठून गेली आणि मिलोचं पीठ मळायला बसली. ते पीठ चिकट नसतं, भाकर तुटते. तिच्या तीन भाकरी एकापाठोपाठ तुटल्या. एरवी तिची एक तुटायची नाही.

गावाला चार दिवसांत कळलं. पारावर एक जण म्हणाला, "समद्या गावाची हाडं निघाली, आनि गुळव्याच्या काळजावर चरबी. आमाला बी सांगा की कुठल्या भट्टीची हाय." लोक हसले. दुष्काळात हसायला काही मिळत नव्हतं, मी मिळालो. ज्यांना मी हाकललं होतं ते भट्टीवाले सगळ्यांत मोठ्यानं हसले. भजनातले बुवा घरी आले, चहा प्याले आणि जाताना म्हणाले, "माळ जरा खुंटीला ठेवा. बरं वाटल्यावर बगू." ते माझ्या बापाचे मित्र. मी माळ काढली. सरू चुलीपाशी बसून बघत होती. तिला वाटलं असेल, दारूचं खोटं असतं तर यानं काढली नसती. मला वाटलं, ही तरी म्हणेल, काढू नका. ती म्हणाली नाही.

कळकलेली आमटी

त्यानंतर महिनाभरात आमटीला एक चव येऊ लागली. ज्यांनी कल्हई गेलेल्या पितळी भांड्यातलं आंबट खाल्लंय त्यांना ती चव ठाऊक आहे, जिभेवर पैसा ठेवल्यासारखी.

"आमटी कळकलीय."

"भांड्याला कल्हई न्हाई. दुष्काळात कल्हईवाला फिरकला न्हाई औंदा. गिळा गुमान."

मी गिळत होतो. खाल्लं की ओकारी यायची. पिवळेपणा वाढला, पोट फुगलं, अंगाला खाज सुटली. रात्र आणि दिवस कळेना. तेव्हा जावयानं मला उचलून पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात टाकलं.

पुणं

दवाखान्यातले दिवस एकासारखे एक. पहाटे पाचला नर्स काखेत ताप बघायची काच लावायची. सहाला पाव आणि दूध. नऊला डॉक्टर शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन यायचे आणि सगळे आळीपाळीनं माझं पोट दाबायचे. दुपारी फरशी पुसायचे, तो फिनेलचा वास अजून नाकात आहे. मधे सुई, मधे रक्त. भीती कधी वाटायची तर संध्याकाळी, भेटायची वेळ संपल्यावर. माझ्याकडं कुणी येणारं नव्हतं. सरू सरकारच्या दुष्काळी खडीच्या कामावर जात होती. मी पडलो, मग खडी कोण फोडणार.

शेजारच्या खाटेवर एक गिरणीतला माणूस होता, खराखुरा दारुडा. त्यानं स्वतःच सांगितलं. माझी हकीकत ऐकून म्हणाला, "महाराज, तुमचं लई वाईट झालं. मी निदान प्यालो तरी." मी किती महिन्यांनी हसलो असेन. माझी बोटं वळत नाहीत हे बघून तो मला मोसंबी सोलून द्यायचा, बिया काढून. अख्ख्या गावात माझं खरं मानणारा कुणी नव्हता. ह्यानं एका दिवसात मानलं. तो गेला. त्याची खाट तासाभरात दुसऱ्याला दिली.

बरगड्यांमधून सुई घालून त्यांनी लिव्हरचा बारीक तुकडा काढला. त्याला घाबरू नका. सुईपेक्षा नंतर कुशीवर निपचित पडून राहायचा जाच जास्त.

डॉक्टर काय म्हणाले

घरी सोडायच्या दिवशी सरू न्यायला आली. मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो, ती बाहेर बाकावर बसली, मांडीवर गठुडं. इथं पडदा नव्हता. दार होतं, शिपायानं ते लावून घेतलं.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "बाबा, तुम्हाला दोन दुखणी आहेत. एक म्हणजे लिव्हरमधली चरबी. ती दारूनं येते तशी बिनदारूचीही येते. तुमच्या लघवीत साखर आहे, पोटावर वजन होतं, जन्मभर गूळ खाल्ला. दुसरं जास्त वाईट. अंगात एक राखण असते, बाहेरचा रोग आला तर मारायला. तुमची राखण उलटलीय. राखणीचं कुत्रं घरच्यांनाच चावतंय. आधी बोटांच्या सांध्यांना चावलं, मग लिव्हरला."

"म्हंजी वात न्हवता?"

"तेच कुत्रं होतं."

"आनि चरबीमुळं हे झालं का ह्याच्यामुळं चरबी?"

"ते मला माहीत नाही. दोन्ही एकत्र असलेले रोगी मी पाहिलेत. एक दुसऱ्याला ओढून आणतं, का दोन्ही आपापली येतात आणि एकाच घरात भेटतात, हे अजून कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही. एवढं कळतं की दोन्ही मिळून लिव्हरची माती लवकर होते. आणि गंमत अशी, की कुत्र्याला शांत करायच्या ज्या गोळ्या मी देतोय, त्यांनी साखर आणि चरबी वाढते. म्हणून गूळ बंद. गोळ्या मात्र मनानं सोडायच्या नाहीत."

"आनि दारू सायेब?"

"दारूचा काही संबंध नाही. तुकडा बघून सांगतोय, रक्त बघून सांगतोय. तुम्ही पीत नाही."

मला रडू आलं. पोटच्या पोरागत पोसलेलं अंग, त्यानंच असं करावं. पण निदान कुणीतरी म्हणालं, की मी खोटा नाही.

बाहेर आलो. सरूनं वर बघितलं.

"दारू न्हवं म्हनाले. अंगच उलटलंय म्हनाले."

"बरं," ती म्हणाली. आणि गठुड्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

तो "बरं" मला लागला. मी रुसलो. एस्टीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. दार उघडून तिला दोन पावलं आत नेली असती तर काम होतं. पण बाई डॉक्टरपुढं कशाला, असं माझ्याही डोक्यात होतं. शिवाय मला वाटलं, माझा शब्द तिला पुरला पाहिजे.

पुन्हा

गोळ्यांनी मी माणसात आलो. बोटं वळायला लागली. तोंड पुरीसारखं फुगलं, त्याला इलाज नाही. पंधरा-वीस दिवस बरे गेले. मग आमटी कळकायला लागली आणि ओकाऱ्या सुरू.

मला वाटलं, ह्या गोळ्यांनी होतंय. मी निम्म्या केल्या, कुणाला न विचारता. असं करू नका. डोळे परत पिवळे झाले.

सरू उन्हात खडी फोडायची. कामावर खायला सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची आणि माझ्यापुढं ठेवायची.

"तू खा की."

"मी खाल्ली तिथं."

"खोटं बोलतीस."

"मी एकटीच व्हय?"

हे ती हसून बोलली. मी पण हसलो. तेव्हा त्यातलं मला कळलं नाही.

वैशाखात एका दुपारी ती खडीच्या ढिगाशेजारी चक्कर येऊन पडली. बायकांनी पाणी मारलं, बैलगाडीत घातली. घरापर्यंत पोचली नाही. अंघोळ घालताना बायकांनी मला पाय दाखवले. जोडवी नव्हती. बोटांना नुसते पांढरे वळ. मला वाटलं, धान्यासाठी मोडली असतील. बोलली नाही, एवढंच.

उतरंड

काशी, आमची पोरगी, तेरा दिवस राहिली. तेच पितळी पातेलं, कल्हई न केलेलं. तिची आमटी कळकली नाही. चार-पाच दिवसांत माझ्या ओकाऱ्या थांबल्या. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तेराव्याला तिनं उतरंड खाली उतरवली. तळातल्या मडक्यात कागदाच्या पुड्या निघाल्या.

"आबा, हे काय वं?"

पुडी सोडली. राखाडी भुकटी, तिला निळी झाक. जिभेला लावली. तीच चव.

शेजारची पारू सरूची जिवाभावाची. तिला बोलावलं. पुड्या बघून ती दारातच खाली बसली.

"बोल."

"तिनं मला शपथ घातली हुती."

"ती मेली. बोल."

"दारू सोडवायच्या हायेत. बाजारात एक झाडपालेवाला बसायचा, त्यानं दिल्या. प्यानाऱ्याला कळू द्यायचं न्हाई म्हनला, कळलं की गुन जातो. कालवनात घालायच्या. वकंल तेवढी दारू सुटंल म्हनला."

"आनि त्याला दिलं काय? घरात दाना न्हवता."

पारूनं स्वतःच्या पायाकडं बघितलं. मला कळलं.

"ह्या पुन्याच्या आधीच्या?"

"निम्म्या. निम्म्या नंतर आनल्या."

"नंतर? मी तिला सांगितलं हुतं, डाक्टर काय म्हनला ते."

"म्हनूनच तर," पारू म्हणाली. "मला म्हनली, पयल्या डाक्टराचं मी माझ्या कानानं ऐकलं. दुसऱ्याच्या वक्ताला मला भाईर बसवलं, दार लावून घेतलं, आनि भाईर येऊन सांगत्यात दारू न्हवं. म्हनली, पारू, खोटं बोलत्यात तर बोलू दे. मला जितं पायजेत."

मी त्या दिवशी सरूला शिव्या दिल्या. मेलेल्या माणसाला, तेराव्याच्या दिवशी, पोरीसमोर. चाळीस वर्षं संसार केला आणि माझ्या शब्दापेक्षा बाजारातल्या भोंदूचा शब्द मोठा झाला. अंग उलटलं, गाव उलटलं, बुवा उलटले, ते सोसलं. ही माझ्या ताटात कालवून घालत होती. अजूनही कधी कधी जेवताना घास हातात राहतो आणि राग येतो. कुणी म्हणेल, तिनं मायेनं केलं. माया होती हे मला दिसतं. तिनं पायातली जोडवी काढून दिली. पण माझा विश्वास धरला नाही, हेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे आणि मला दोन्ही गिळता येत नाही.

आणि तिला दाराबाहेर मी बसवलं. हेही लिहितो.

बाक

पाऊस झाल्यावर मी पुण्याला तपासायला गेलो. एकटा. एक पुडी खिशात नेली. डॉक्टरांनी कागदावर ओतून बघितली. "यात मोरचूद असणार. लिव्हरला विष आहे हे. दुसरा कुणी मेला असता." मग गोळ्या पुन्हा नीट बांधून दिल्या. त्याच मी अजून घेतो. गूळ सोडला. गुऱ्हाळं परत लागलीत, मी लांबून वास घेतो. बुवा येऊन म्हणाले, माळ घाला आता. मी म्हणालो, ऱ्हाऊ द्या खुंटीला, ती काढली तेव्हा जी बघत होती ती बघायला न्हाई आता.

त्या दिवशी निघताना मी डॉक्टरांना म्हणालो, "सायेब, एक मागनं हाय. मागं तुमी म्हनाला, दारूचा संबंध न्हाई. ते परत एकदा म्हना. जरा मोठ्यानं."

मी उठून दार उघडलं. शिपाई लावायला आला, त्याला डॉक्टरांनी हातानं थांबवलं. मग मोठ्यानं म्हणाले, "हा माणूस दारू पीत नाही. कधीच प्यालेला नाही."

बाहेर त्याच बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर गठुडं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. तिनं दचकून मान वर केली. तिचा मालक, पिवळा पडलेला, पुढचा नंबर म्हणून उभाच होता.

मी तिच्यापाशी थांबलो. "बाई, भाईर बसू नगं. ह्याच्यासंगं आत जा."

ती म्हणाली, "मी कशाला? गठुड्याकडं कोन बगंल?"

"मी बगतो," मी म्हणालो, आणि तिच्या जागेवर बसलो.